ठेवी आटल्या म्हणजे पैसा बँकेबाहेर गेला का?

रोखेबाजार:
'म्युच्युअल फंडांनी बँकांच्या ठेवी पळवल्या आणि त्याच पैशावर शेअर बाजार फुगला' असे काल येथे लिहिले गेले आणि अनेकांनी त्याला दुजोरा दिला, म्हणून सविस्तर उत्तर देतो. मी मुदत ठेव मोडून फंडात पैसे घातले आणि फंडाने शेअर घेतले, तर ते पैसे शेअर विकणाऱ्याच्या खात्यात जमा होतात, आणि ते खातेही बँकेतच असते. एकूण ठेवी त्यामुळे घटत नाहीत. लोक रोकड घरात ठेवतात, कर्जे फेडली जातात किंवा रिझर्व्ह बँक रुपया सावरण्यासाठी डॉलर विकते, तेव्हा त्या घटतात. शेअर खरेदीने बदलतो तो ठेवीचा स्वभाव. पाच वर्षांची घरगुती ठेव जाते आणि तिच्या जागी कंपनीची, केव्हाही उठू शकणारी मोठी रक्कम येते. तिच्या भरवशावर वीस वर्षांचे गृहकर्ज देणे अवघड असते, म्हणून बँका जास्त व्याजाने ठेव प्रमाणपत्रे (मोठ्या गुंतवणूकदारांकडून थोड्या मुदतीसाठी पैसे उचलण्याचे कागद) विकतात, आणि ती विकत घेणाऱ्यांत पुन्हा म्युच्युअल फंडच आघाडीवर असतात. बाजारावरचा खरा परिणाम या अल्पमुदतीच्या दरांत शोधावा.

निवृत्त शाखाधिकारी:
मी तालुक्याच्या गावी शाखा सांभाळली आहे. गावातला पैसा मुंबईतल्या विक्रेत्याच्या खात्यात पोचला, तर 'एकूण ठेवी तेवढ्याच' या सिद्धान्ताचा माझ्या शाखेला काय उपयोग? ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन आणि तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास या दोघांनीही ठेवींबद्दल बँकांना बजावले, ते विनाकारण नव्हे.

रोखेबाजार:
दास यांच्या त्याच निवेदनात बँका अल्पमुदतीच्या, बिगर-किरकोळ (म्हणजे घरगुती ठेवीदारांच्या नसलेल्या, मोठ्या) ठेवींकडे वळत असल्याची चिंता होती. माझा मुद्दा तोच आहे. उलट चित्र नोव्हेंबर २०१६ मध्ये दिसले होते. नोटाबंदीने ठेवींचा लोंढा आला, कर्जाला तेवढी मागणी नव्हती, बँका सरकारी रोख्यांकडे वळल्या आणि रोख्यांचा परतावा उतरला.

सोलापूरची ठेवीदार:
आपण दोघे केवळ दरांबद्दल बोलत आहात. माझ्या आईची आयुष्यभराची पुंजी एका नागरी सहकारी बँकेत होती. रिझर्व्ह बँकेचे पैसे काढण्यावर निर्बंध आले त्या सकाळी ती पासबुक घेऊन बंद दारासमोर उभी राहिली, आणि त्यानंतर आमच्या घरात कोणीही मुदत ठेव केली नाही. बँक बुडाली तर ठेवीदाराला भरपाई देणाऱ्या ठेव विम्याची मर्यादा १९९३ पासून तब्बल २०२० पर्यंत एक लाखच होती. ती पाच लाख झाली तीही फेब्रुवारी २०२० मध्ये, आमचे नुकसान होऊन गेल्यावर.

निवृत्त शाखाधिकारी:
आपल्या आईंबद्दल मला मनापासून वाईट वाटते, परंतु एका बुडीत संस्थेचे खापर प्रत्येक बँकेवर फोडणे मला मान्य नाही. आम्ही ठेवीदारांचा एक रुपया बुडू दिला नाही. शिवाय ठेव विम्याच्या कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळण्याची तरतूद आहे.

सोलापूरची ठेवीदार:
पाच लाखांच्या वरची रक्कम ज्याची असेल त्याने काय करावे, हे आपण सांगितलेले नाही. निवृत्तीनंतर एकरकमी हाती येणारा पैसा पाच लाखांत मावत नाही.

निवृत्त शाखाधिकारी:
मर्यादा वाढायला हवी, एवढे मी मान्य करतो. तोवर रक्कम दोन-तीन बँकांत विभागून ठेवावी, कारण विमा प्रत्येक बँकेला स्वतंत्रपणे लागू होतो.

रोखेबाजार:
विम्याचा विचार मी केला नव्हता, ही माझी चूक. विश्वास उडाल्याने मोडलेली ठेव व्याज पाव टक्क्याने वाढवून परत येत नाही. तरीही ती फंडात गेली म्हणून बँक व्यवस्थेतला पैसा संपला, हे विधान मी अजूनही चुकीचेच मानतो.