मदत हवी आहे: भावाच्या हातांसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (लालबाग-परळ)

मेघा_लालबाग
भावाला हॉस्पिटलमधून घरी आणलंय. फिजिओ येतात, पायांचे व्यायाम करून घेतात आणि जातात. पण त्याला स्वतःच्या हाताने जेवता येत नाही, मोबाइल धरता येत नाही. डिस्चार्ज देताना याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. ऑक्युपेशनल थेरपी (जेवण वगैरे रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवतात ती) घ्या असं एका मैत्रिणीने सांगितलं. घरी येणारं कोणी माहीत असेल तर प्लीज लवकर सांगा.

वाटसरू
झालंय काय नेमकं? पॅरालिसिसचा झटका, डोक्याला मार की मणक्याला? वय?

सुरेशकाका
आमच्या सौ.ना झटका आला होता तेव्हा मी थेरपिस्टच्या मागे लागलोच नाही. रोज तिळाच्या तेलाने मालीश आणि एकेक बोट सरळ ताणायचं. बोटं आखडू द्यायची नाहीत, बस्स.

मेघा_लालबाग
मणक्याला, मानेत. रिपोर्टवर सी-६ लिहिलंय, म्हणजे मानेतली सहावी पातळी. वय २४. अहो, मला फक्त नंबर हवाय कोणाचा तरी.

शिवडीकर
मानेत म्हणजे गोविंदा होता का? मंडळाने विमा उतरवला होता का? २०२२ मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळ म्हटलं, पण सरावात पडलेल्या पोरांचं काय?

मेघा_लालबाग
हो, सरावातच पडला. विम्याचं मंडळ बघतंय. तो विषय इथे नको.

नीलिमा_ओटी
मेघा, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. त्याला मनगट वर उचलता येतं का? आणि उचललं की बोटं आपोआप मिटतात का?

मेघा_लालबाग
मनगट उचलतो. बोटं थोडी मिटतात. आई रोज सकाळी त्याचा तळहात उघडून बोटं पार मागे ताणते, म्हणून आखडली नाहीयेत.

नीलिमा_ओटी
ते आजपासून बंद करा. मनगट वर गेलं की बोटांचे टेंडन, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर, ओढले जातात आणि बोटं मिटतात. मनगट खाली सोडलं की उघडतात. बोटांत ताकद नसली तरी अशी पकड मिळते, तिला टेनोडेसिस म्हणतात. सी-६ च्या पेशंटची सगळी कमाई त्यात असते. मनगट आणि बोटं एकाच वेळी मागे ताणली की टेंडन सैल पडतात आणि पकड जाते. बोटं सरळ करायची तर मनगट खाली वाकवून, मनगट वर न्यायचं तर बोटं मिटवून.

सुरेशकाका
म्हणजे हात तसाच ठेवायचा? आखडला तर जबाबदार कोण? आमच्याकडे फरक पडला होता.

नीलिमा_ओटी
काका, वहिनींचा त्रास मेंदूचा होता, याचा मणक्याचा आहे. सांधे रोज हलवायचेच, पण या पद्धतीने. आणि तेल चोळल्याने नसा जोडल्या जात नाहीत.

प्रशांत_ठाणे
ताई, यात वेळ घालवू नका. स्टेमसेल करा, म्हणजे मूळपेशींचे उपचार. खर्च आहे, पण पोरगं उभं राहील.

वाटसरू
प्रशांत, कृपा करून असं सांगू नका. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मणक्याच्या इजेसाठी संशोधन-चाचणीबाहेर स्टेमसेल देता येत नाही. लोक घरदार विकतात हो यापायी.
मेघा, केईएम हॉस्पिटल तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे. तिथलं ओटीचं (ऑक्युपेशनल थेरपीचं) स्कूल १९५० पासूनचं, मूळच्या अमेरिकेच्या कमलाताई निंबकरांनी सुरू केलेलं. दुसरं ठिकाण हाजीअलीची पुनर्वसन संस्था, केंद्र सरकारची.

मेघा_लालबाग
चाळ आहे, दुसरा मजला, लिफ्ट नाही. रोज उतरवणार कसं? म्हणून तर घरी येणारं विचारतेय ना.

नीलिमा_ओटी
रोज नको. एकदा केईएमच्या ओटी विभागात तपासणी करून स्प्लिंट (हाताला आधार देणारी पट्टी) बनवून घ्या, पुढचं घरी शिकवता येतं. खासगी कोणी बोलावलंत तर राज्याच्या ओटी-फिजिओ परिषदेची नोंदणी आधी विचारा.
जेवणासाठी तळहातावर बसणारा पट्टा मिळतो, त्याच्या खिशात चमचा अडकवायचा. उंच काठाची थाळी, खाली ओला फडका म्हणजे ती सरकत नाही. सुरुवात घट्ट कालवलेल्या वरणभाताने, आमटी नंतर. सांडेल, सांडू दे. आईंना भरवू देऊ नका.
आणखी एक, घरात सगळ्यांना सांगून ठेवा: अचानक डोकं ठणकलं, चेहऱ्याला घाम फुटला तर त्याला लगेच उठून बसवा, कपडे सैल करा, लघवीची नळी मुडपलीय का पाहा. लगेच कमी झालं नाही तर तडक हॉस्पिटल. यात रक्तदाब जीवघेणा चढतो.

चाफा
यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलंत का? नसेल तर आत्ताच अर्ज करा, लोकलच्या सवलतीला उपयोगी पडतं.

मेघा_लालबाग
त्याला जिन्यावरून उतरवता येत नाही आणि तुम्ही लोकलचं सांगताय!
नीलिमाताई, गेल्या आठवड्यात त्याचं डोकं असंच दुखलं होतं, आम्ही गोळी देऊन झोपवलं. आईला सगळं वाचून दाखवलं. तो पट्टा कुठे मिळेल?

नीलिमा_ओटी
झोपवायचं नाही, बसवायचं. हे उद्याच डॉक्टरांना सांगा. पट्टा विभागातच मापाने करून घ्या. तोवर रुंद वेल्क्रोला आतून कापडी खिसा शिवा, घट्ट नको. त्याला स्पर्श नीट कळत नसेल, म्हणून काढल्यावर दर वेळी कातडी लाल झालीय का ते बघा.

शिवडीकर
मेघा, केईएमला न्यायचं त्या दिवशी इथे लिहा. माझे दोन भाचे आहेत, खुर्चीसकट खाली उतरवतील.