निवृत्ती नेमकी केव्हा घ्यावी? अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे

नमस्कार. मी गेली तीसहून अधिक वर्षे पुलांच्या संकल्पनाचे (डिझाइनचे) काम करते आणि आता साठीला टेकले आहे. आमच्याकडे निवृत्तीचे सक्तीचे वय नाही. "जमेल तोवर थांबा" असे वरिष्ठ आपुलकीने सांगतात, आणि नेमकी तीच अडचण होऊन बसली आहे. तारीख कोणी ठरवून दिली असती तर ती मुकाट्याने मान्य केली असती. आता ती मलाच ठरवायची आहे.

केवळ वय पाहून निर्णय घ्यावा, हे मला पटत नाही. बिस्मार्कच्या जर्मनीत १८८९ साली वृद्धापकाळाच्या विम्याचा कायदा झाला, तेव्हा वयाची अट ७० वर्षांची होती. १९१६ साली ती ६५ वर आली. म्हणजे हे आकडे सरकारी सोयीने ठरतात, माणसाच्या कुवतीवरून नव्हे.

पैशांचा हिशेब मांडून झाला आहे, तरी एका ठिकाणी शंका आहे. अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांनी १९९४ साली मांडलेला चार टक्क्यांचा नियम, म्हणजे पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढायचे आणि पुढे महागाईनुसार ती रक्कम वाढवत जायची, हा अमेरिकेतील शेअर आणि रोख्यांच्या इतिहासावरून, ३० वर्षांचा काळ धरून काढलेला आहे. आमच्या घरात माणसे नव्वदी सहज ओलांडतात, आणि महागाई ६ टक्के राहिली तर साधारण १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो, त्यामुळे मी त्याहून कमीच रक्कम धरली आहे. खरी धास्ती पहिल्या काही वर्षांची आहे: त्याच काळात बाजार कोसळला आणि घरखर्चासाठी पडत्या भावात म्युच्युअल फंडाची युनिट विकावी लागली, तर पुढे बाजार सावरूनही विकलेली युनिट काही परत येत नाहीत. म्हणून तीन वर्षांचा खर्च मुदत ठेवींत बाजूला ठेवण्याचा विचार आहे. तेवढा पुरतो, की पाच वर्षांचा असावा?

पण माझा मूळ प्रश्न पैशांचा नाही. अलीकडेच एका पुलाच्या खांबावरील टोपीचे रेखाचित्र माझ्याकडे तपासणीला आले. संगणकाचे आकडे बिनचूक होते, मानकांच्या अटीही पाळलेल्या होत्या. मात्र बेअरिंगखाली, म्हणजे पुलाचा वरचा भाग ज्या आधारावर टेकतो त्याखाली, सळयांची इतकी दाटी झाली होती की तेथे काँक्रीट घट्ट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई शिरली नसती आणि काँक्रीट पोकळ राहिले असते. हे मला कागद उलगडताच दिसले. कनिष्ठ सहकाऱ्याने जाड सळया घेऊन त्यांची संख्या कमी केली आणि प्रश्न मिटला. अशा दिवशी वाटते की अजून थांबावे. त्याच सहकाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी नव्या प्रणालीतील मॉडेल उघडून देण्यासाठी हाक मारते, तेव्हा मात्र वाटते की आता पुरे.

रेखाचित्रावर अंतिम सही माझी असते. उद्या माझी नजर मंदावली तर ते माझ्या ध्यानात येईल का, याची मला खात्री नाही, आणि इतक्या वर्षांच्या ज्येष्ठतेमुळे हाताखालचे लोक ते तोंडावर सांगतील अशी आशाही नाही. लोकांनी "अजून का थांबल्या?" असे विचारण्याआधी निघावे, हे सर्वांना कळते, तो क्षण ओळखायचा कसा, हे कोणी सांगत नाही.

आठवड्यातून तीन दिवस काम करण्याचा पर्याय समोर आहे. माझे पती त्याला "अर्धा पगार आणि पूर्ण फोन" म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. दुसरीकडे, निवृत्तीचे टप्पे मांडणारे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲचली यांनी सुरुवातीच्या नवलाईनंतर भ्रमनिरासाचा टप्पा सांगितला आहे, तो वाचून एकदम सगळे सोडण्याचे धाडस होत नाही.

ज्यांनी अशीच जबाबदारीची कामे सोडली आहेत, त्यांनी कृपया सांगावे: आपण काम सोडण्याची वेळ कशावरून ओळखली? आपल्या कामाची त्रयस्थाकडून तपासणी करून घेण्याची काही सोय केली होती का? आणि अर्धवेळ काम स्वीकारले असल्यास सहीचा अधिकार स्वतःकडे ठेवला, की केवळ सल्लागार राहिलात? पुढील प्रकल्प घेणार की नाही, हे मला या तिमाहीअखेर कळवायचे आहे.