मदत हवी आहे: ठासणीच्या बंदुकीची दारू मापानं की वजनानं?

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जंगलाला लागून आमचं भाताचं शिवार. पीक राखायला आज्जांची ठासणीची बंदूक होती, ती आता परवान्यासह माझ्याकडं आली. (कर्नाटक राज्य एकच, पण कोडगूतल्या कोडव लोकांना परवान्याची सूट. आम्ही मात्र इलेक्शन आलं की ठाण्यात जमा करायची, मग आणायची.)

आज्जा काळी दारू पितळी नळकांड्यानं मोजायचे. काठोकाठ भरायचं, बोटानं सपाट करायचं, झालं. मी शहाणपणा करून सोनाराकडं असतो तसला छोटा काटा आणला. तेच नळकांडं तीनदा भरलं तर तीन आकडे! अलगद ओतलं की कमी, दोनदा आपटलं की पाव ग्रॅम जास्त. शिवाय काट्यावर ग्रेन, आणि व्हिडिओतल्या मापाच्या नळीवरही ग्रेनच्याच खुणा. मग ग्रेन हे वजन की माप?

— वजनच. 1 ग्रॅम म्हणजे 15.43 ग्रेन. नळीवरच्या खुणेचा अर्थ एवढाच, की तेवढ्या जागेत काळी दारू साधारण तितके ग्रेन बसते. परदेशात पायरोडेक्ससारखी बदली दारू मिळते, ती हलकी. ती मापानंच घालतात, काळीच्या वजनाइतकी घातली तर बार जड होतो. काडतुसातली दारू मात्र कुठल्याच मापानं नको, बंदुकीची नळी फुटेल.

तुमचा काटा बरोबर आहे, हात बदलतोय. पायलीनं भात घालताना मापारी हलवून भरतो की अलगद, यावर चिपटं-मापटं इकडंतिकडं होतंच की! दरवेळी सारखंच ओता, सारख्याच टिचक्या मारा, शीग ठेवू नका. काळ्या दारूला तेवढं पुरतं. दारूचा दाणा बदलला तर जुनं माप तसंच चालवू नका, बारीक दाणा भराभर पेटतो. आणि दारू ठेवायच्या शिंगातून थेट बंदुकीच्या नळीत कधीच ओतू नका. आधीच्या बाराची ठिणगी आत राहिली असली तर हातातलं शिंगच उडेल.

— आभारी आहे. आमच्याकडं पावसाळ्यात भिंतींना पाणी सुटतं. ओल धरलेली दारू काट्यावर जड भरेल ना?

— भरेल, आणि जोर कमी. तिथं काटाच फसवतो. असली दारू वापरूच नका.

— अजून एक. आज नळकांडं पुसताना तळाशी मेण ओतलेलं दिसलं. खरवडून काढू?

— अहो थांबा! त्या बंदुकीला बसेल इतकं माप आज्जांनी मेण ओतून कमी केलं असणार. हात लावू नका.