छोट्या कारखानदारानं नव्या कामगार संहितेचा भार कुठून काढायचा?

शिरोलीकर
कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे, ३४ माणसं. फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतं, आम्ही टर्निंग-बोरिंग करून पुढं पाठवतो. २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने केंद्रीय कायदे त्यांत गेले. त्यातला एक नियम माझ्या गळ्याशी आलाय. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले की वरची रक्कम 'वेतन' धरायची आणि पीएफ, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना द्यायची रक्कम) त्यावर काढायची.

माझा एक सीएनसी ऑपरेटर घ्या. एकूण ३२,०००, त्यात बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १३,०००. आता वेतन १६,००० धरायचं. पीएफ १५,००० च्या मर्यादेपर्यंतच भरला तरी माझा वाटा १,५६० वरून १,८००. महिन्याचे हे २४० मी सोसेन. पण ग्रॅच्युइटी निघते शेवटच्या वेतनावर आणि सगळ्या वर्षांची. वेतन गुणिले १५ भागिले २६ केलं, तर वर्षाला ७,५०० च्या जागी ९,२३१. वीस वर्षं झालेल्या एका माणसामागं जवळपास ३४,६०० रुपये एका रात्रीत वाढले. ती वीस वर्षं मी पार्टचा दर जुन्या हिशेबानं घेतलाय, तो आता कोण वाढवून देणार? माझं म्हणणं, मागच्या सेवेचा बोजा छोट्यांवर टप्प्याटप्प्यानं टाकायला हवा होता.

फेटलिंगवाल्याची लेक
दादा, एका रात्रीत वाढले म्हणता. बेसिक तिथंच ठेवून भत्ते फुगवले कुणी?

माझे वडील एका फौंड्रीत २३ वर्षं फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायला, होते. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी शर्टाला बारीक भोकं पडायची, आई ती दर रविवारी रफू करायची. रफूवर रफू होऊन पाठ जाड झाली होती. दर चार वर्षांनी त्यांची हजेरी दुसऱ्या नावावर जायची, म्हणजे ग्रॅच्युइटीला लागणारी पाच वर्षं कधी भरायचीच नाहीत. नेमणूकपत्र आम्ही घरात कधी पाहिलं नाही. दम लागायला लागला तसं त्यांनी काम सोडलं आणि हातात शेवटच्या महिन्याचा पगार तेवढा आला. आता नेमणूकपत्र सगळ्यांना द्यायचंय, मुदतीवरच्या माणसाला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे, चाळिशी ओलांडलेल्याची वर्षातून एकदा मोफत तपासणी आहे. हे मिळायला एवढी वर्षं लागली. अजून टप्पे कशाला?

शिरोलीकर
ताई, भत्ते मीच वाढवले. घरभाडं, प्रवास, धुलाई. सल्लागारानं सांगितलं, आणि पोरंही म्हणायची की पीएफ कापू नका, हातात द्या. तुमच्या वडिलांचं जे झालं ते चूकच, त्याची बाजू मी घेणार नाही. पण माझ्याकडं हजेरी कधी दुसऱ्या नावावर गेलेली नाही.

उद्यमनगर
मी शिरोलीकरांच्या बाजूनं. पगार सात तारखेच्या आत द्यायचा, माणूस सोडून गेला तर दोन कामाच्या दिवसांत त्याचा हिशेब चुकता करायचा. रास्त आहे. पण आमचं बिल? २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायदा सांगतो ४५ दिवसांत पैसे द्या. आमच्याकडं ९० दिवस ही रीत झाली आहे. ज्या एका गिऱ्हाइकावर अर्धा कारखाना चालतो त्याच्याविरुद्ध तक्रार करायला कोण जातंय! आमच्याकडून वसुली चोख आणि आमची येणी ढिली, तर मधला माणूस मोडणार. आणि तो मोडला की त्याची ३४ माणसंही रस्त्यावर.

लाल बावटा
तुमचं येणं अडलंय त्याचं भांडण गिऱ्हाइकाशी करा, कामगाराच्या ताटातून ते भरून काढू नका.

आणि संहिता कामगाराच्या पदरात सगळं टाकते असंही नाही. पूर्वी शंभर कामगारांपासून पुढच्या कारखान्याला कामगार कपात करण्याआधी किंवा कारखाना बंद करण्याआधी सरकारची परवानगी लागायची. आता ती मर्यादा ३०० झाली. गोकुळ शिरगाव, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत १५०-२०० माणसांचे कारखाने डोळ्यांसमोर आणा. तिथली माणसं एका फटक्यात त्या आडोशाबाहेर गेली. मालकांना जे मिळालं त्याबद्दल या धाग्यावर एक ओळ नाही.

उद्यमनगर
३०० ची सवलत मोठ्यांना. ३४ माणसांच्या कारखान्याला ती परवानगी पूर्वीही लागत नव्हती, त्यामुळं आम्हाला त्यातून काहीच मिळालेलं नाही.

फेटलिंगवाल्याची लेक
दादा, एक विचारते. ३४ पैकी किती जणांकडं नेमणूकपत्र आहे?

शिरोलीकर
अकरा. सगळे ऑफिस आणि सुपरवायझर. मशीनवरच्या २३ जणांना कधी दिलं नाही, मागितलंही नाही कुणी. हे पैशाचं काम नाही, त्यामुळं इथं माझ्याकडं सबब नाही. या आठवड्यात जुनी हजेरीपुस्तकं काढून प्रत्येकाची रुजू झाल्याची खरी तारीख घालून पत्रं देतो. ग्रॅच्युइटीच्या बोजाबद्दलचं माझं म्हणणं मात्र तसंच आहे.