शारजात खोली, दुबईत नोकरी: कोकणातला हा ठरलेला सल्ला अजून लागू आहे का?

मिऱ्याबंदर

रत्नागिरी, चिपळूण, दापोलीकडून कोणी दुबईला नोकरीवर निघालं की सल्ला ठरलेला: "शेजारच्या शारजात खोली बघ, भाडं कमी." दुबईत मेट्रो २००९ साली सुरू झाली, २०११ साली दुसरी लाइन आली, तरी सल्ला जागचा हललेला नाही. माझं म्हणणं, एकट्या माणसाला, आणि दुबईच्या पार दुसऱ्या टोकाला जबल अली इथे काम असणाऱ्याला तो आज सरळ तोट्याचा आहे.

घर शोधण्याआधी कामाचा पत्ता नीट कळायला हवा. ऑफर लेटरवर नुसतं "दुबई" असतं. विमानतळाजवळचा फ्री झोन दुबईच आणि जबल अली फ्री झोनही दुबईच. दोहोंत चाळीसेक किलोमीटर. एचआरला तीन गोष्टी मेलवर विचारा: हजेरी कुठल्या गेटवर, किती वाजता, आणि कंपनीची बस कुठून सुटते. बस शारजातून सुटत असेल तर पुढचा हिशोब रद्द समजा.

गाडीने शारजाहून मरीनाकडे (जबल अलीच्या वाटेवरच) शेख झायेद रोड धरला तर ममझर, गर्हूद पूल, सफा आणि बर्शा असे सालिकचे, म्हणजे दुबईच्या टोलचे, चार नाके लागतात. ३१ जानेवारी २०२५ पासून सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ४ ते ८ या वेळात दर नाक्याला ६ दिरहम (रविवारी ४). जाऊन-येऊन ४८. महिन्याचे २२ दिवस धरा, १,०५६ झाले. यात पेट्रोल नाही, पार्किंग नाही. त्यापेक्षा दुबईतच राहिलात तर मेट्रोचा सगळ्या झोनचा महिन्याचा पास ३५० दिरहमना येतो.

राजिवडा

चार नाके दाखवून नव्या पोरांना घाबरवू नका, मिऱ्याभाऊ. शेख मोहम्मद बिन झायेद रोड आणि एमिरेट्स रोड, या दोन्हींवर सालिकचा एकही नाका नाही. जबल अलीला जाणारा शारजावाला शेख झायेद रोडला लागतोच कशाला? आणि पहिल्या वर्षी गाडी असते कोणाकडे? तिथला रहिवासी व्हिसा लागला की भारतीय परवान्यावर गाडी हाकता येत नाही, तिथला परवाना काढावा लागतो. तोवर शारजा-दुबई ये-जा करायला दुबईतल्या युनियनची ई-३०३ किंवा गुबैबाची ई-३०६ बस.

मुद्दा कुटुंबाचा आहे. त्याच भाड्यात दुबईत स्टुडिओ मिळेल, तर शारजात एक बेडरूम आणि हॉल. शिवाय शारजाचा २०२४ चा नवा भाडे कायदा वाचा. करार सुरू झाल्यापासून तीन वर्षं मालकाला भाडं वाढवता येत नाही. दुबईत दर वर्षी नूतनीकरणाला छातीत धडधड. फक्त करार पालिकेकडून प्रमाणित करून घ्या, नुसत्या पावतीवर राहू नका. बायकामुलांच्या व्हिसालाही प्रमाणित भाडेकरार लागतो.

आंबोळी_घावणे

राजिवडाभाई, कुटुंबाचं म्हणता तर शुक्रवारचं काय? जानेवारी २०२२ पासून शारजातल्या शाळांना शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी. दुबईतल्या खासगी कंपन्यांत शुक्रवारी काम असतं. नवराबायको दोघंही दुबईत नोकरीला असतील तर पहिलीतलं पोर शुक्रवारी कोणाकडे ठेवायचं? आजी गुहागरात. शेजारणीवर दर आठवड्याला भार टाकता येत नाही, आणि पाळणाघराचे पैसे मोजले की भाड्यातली बचत गेली.

पोराला दुबईच्या शाळेत घातलं आणि घर शारजात ठेवलं, तर स्कूलबस पहाटेच दारात उभी राहणार. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा ऊद मेथा, कुसैस, मुहैसना या भागांत आहेत. आधी शाळेत जागा मिळते का बघा, मग घर. वर्ग एप्रिलला सुरू होतात. ऑगस्टमध्ये पोहोचून मनासारखी शाळा हवी म्हणणं म्हणजे मे संपल्यावर हापूसची पेटी मागणं.

मिऱ्याबंदर

शुक्रवारचा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता, ताई. बरं झालं लिहिलंत.

राजिवडाभाई, दुबईत मालक मनाला येईल तशी वाढ करतो हा गैरसमज आहे. २०१३ च्या ४३ क्रमांकाच्या डिक्रीने टप्पे बांधून दिले आहेत. तुमचं भाडं अधिकृत भाडे निर्देशांकापेक्षा १० टक्क्यांपर्यंत कमी असेल तर वाढ शून्य. ११ ते २० टक्के कमी असेल तर ५ टक्के वाढ, ३० पर्यंत १०, ४० पर्यंत १५, त्याहून कमी असेल तर फार तर २०. तीही करार संपण्याच्या ९० दिवस आधी लेखी कळवली तरच. बहुतेक लोक नोटिशीची तारीख मोजतच नाहीत आणि मुकाट्याने वाढीव चेक लिहून देतात.

राजिवडा

टप्पे आहेत, मान्य. पण शिरताना लागणारी रक्कमही सांगा ना, तीच पोरांना गाठते.

मिऱ्याबंदर

सांगतो. वर्षाचं भाडं ६०,००० दिरहम आणि ते चार चेकांत द्यायचं असं धरू. पहिला चेक १५,०००. अनामत ५ टक्के, म्हणजे ३,००० (फर्निचरसकट घर असेल तर १० टक्के). दलाली साधारण ५ टक्के, ३,००० आणि वर व्हॅटचे १५०. देवाची अनामत २,०००. (वीज-पाणी खात्याचं नाव देवा, हात जोडावेच लागतात.) इजारी म्हणजे कराराची नोंदणी आणि वीजजोडणी मिळून तीनेकशे. झाले साडेतेवीस हजारांच्या आसपास, एकही भांडं घेण्याआधी. पुढे वर्षभर वीजबिलात भाड्याच्या ५ टक्के हाउसिंग फी विभागून येते, या हिशोबात महिन्याला २५०. नवा माणूस पहिलं बिल बघून मीटर बिघडला समजतो.

आणि चेकबुकाशिवाय घर नाही, एमिरेट्स आयडीशिवाय (तिथलं ओळखपत्र) चेकबुक नाही. म्हणून पहिल्या महिन्याची सोय कंपनीकडून लेखी घ्या. घरभत्ता आगाऊ मिळतो का तेही सही करण्याआधी विचारा, नंतर विचारून उपयोग नसतो. पुढच्या तारखांचे चेक देताना खात्यातली शिल्लक सांभाळा. २०२२ पासून नुसत्या अपुऱ्या शिलकीसाठी सहसा तुरुंग नाही, पण न वटलेल्या चेकवर मालक थेट अंमलबजावणीला कोर्टात जाऊ शकतो.

वाशिष्ठीकाठ

भाडं, टोल, शाळा सगळं झालं, पाण्याचं कोणी काढलं नाही. २२ जुलै २०२१ नंतर चिपळुणात घर बघताना पहिला प्रश्न असतो, पाणी कुठवर आलं होतं? यूएईत हाच प्रश्न १६ एप्रिल २०२४ बद्दल विचारायचा. त्या दिवशी अल ऐनजवळ खत्म अल शक्ला इथे २४ तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्याकडे जुलैत एका रात्रीत एवढा पडतो, पण तिथली गटारं त्या मापाची नाहीत आणि पाण्याला जायला वहाळ नाही. शारजात अल मजाझ, अल कासिमिया, किंग फैसल रोड या पट्ट्यात कित्येक दिवस पाणी उभं होतं.

"आम्ही तर बाराव्या मजल्यावर" म्हणून सुटका नाही. बऱ्याच इमारतींत विजेचं मुख्य पॅनेल आणि पाणी चढवणारे पंप तळघरात असतात. तळघर भरलं की आधी वीज जाते, मग लिफ्ट, आणि गच्चीवरची टाकी रिकामी झाली की बाराव्या मजल्यावर नळही कोरडा. उतरायचे बारा जिने, खाली कमरेएवढं पाणी, गाडी बुडालेली.

घर बघायला गेलात की दलालाला विचारू नका. नातूरला, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराला गाठा. तळघरात स्वतः उतरा. खांबांवर एका उंचीपर्यंतच नवा रंग दिसला, पॅनेलच्या पेटीचा तळ गंजलेला दिसला, तर समजून जा. पंप वर हलवले का, एवढं एक विचारा. दुबई म्हणून डोळे झाकू नका, पाणी तिकडेही ठिकठिकाणी तुंबलं होतं.

राजिवडा

हे खरं आहे, यावर वाद नाही. पण मग सल्ला "शारजा नको" असा न देता "मजाझला तळघर बघा" असा द्या. अख्ख्या शहराला कशाला बुडवता?

तिरफळ

भाड्याचो हिशोब झालो, बाजाराचो कोणी करूक नाय. देइराच्या वॉटरफ्रंट मार्केटात सुरमय गावता, तिका थंय कनाद म्हणतत, पापलेटाक जुबेदी. शारजाक सूक अल जुबैल आसा, म्हणजे माशासाठी खंय रवलास तरी उपाशी मरूचस नाय. पण सैपाकघराची खिडकी भायर उघडता काय ता बघ. आतल्या शाफ्टात उघडत असली आणि सुके बोंबील भाजलंस, तर तिसऱ्या दिवसाक शेजारी तक्रार घेऊन दारात.

मिऱ्याबंदर

आता एकट्यांसाठी. "आधी सहा महिने बेडस्पेस घे", म्हणजे सामायिक खोलीत नुसती एक खाट, असं सांगणारे बरेच. घ्या, पण हॉलमध्ये प्लायवूडच्या भिंती घालून केलेल्या पार्टिशनमध्ये नको. जून २०२५ मध्ये दुबई पालिकेने रिग्गा, मुरक्कबात, सतवा, बर्शा, रफा या भागांत अशा पार्टिशनवर कारवाई सुरू केली. कारवाई झाली की सामानासकट रस्त्यावर, आणि दिलेली अनामत बुडाली. कारण पैसे घेणारा मूळ मालक नसून बहुतेकदा स्वतःच भाडेकरू असतो. पैसे देण्याआधी इजारीची प्रत मागा. त्यावरचं नाव आणि पैसे घेणाऱ्याचं नाव जुळलं नाही, तर मालकाची लेखी परवानगी दाखवा म्हणा.

हापूसपेटी

इंटरनॅशनल सिटी कशी? भाडं शारजासारखंच कमी आणि पत्ता दुबईचा.

राजिवडा

मेट्रो नाही. ब्लू लाइन तिथून जाणार आहे, पण तिचं ठरलेलं वर्ष २०२९. तोवर फीडर बस. काम विमानतळाकडे असेल तर त्यापेक्षा कुसैस किंवा नहदा बघा, ग्रीन लाइनवर स्टेशन आहे. जबल अलीकडे असेल तर डिस्कव्हरी गार्डन्स, तिथे २०२१ पासून रेड लाइनचं स्टेशन. हे मीच सांगतोय, मिऱ्याभाऊ, नोंद घ्या.

मिऱ्याबंदर

घेतली. फक्त नहदा नावाला भुलू नका. रस्त्याच्या अलीकडे दुबईचं अल नहदा, पलीकडे शारजाचं अल नहदा. जाहिरातीत नुसतं "अल नहदा, मेट्रोजवळ" लिहितात. मेट्रो दुबईच्या बाजूला. ऑगस्टमध्ये दुपारी दोन वाजता तेवढं अंतर चालून बघा, मग चेकवर सही करा.

आंबोळी_घावणे

आणि वीजबिलावर देवा लिहिलंय की सेवा ते बघा. देवा म्हणजे दुबई, सेवा म्हणजे शारजा. दलाल काहीही सांगो, शुक्रवारी शाळेला सुट्टी की नाही ते तिथेच कळतं.