नवरीचा चेहरा आणि दुसरा शनिवार

ए-102 काकू: नमस्कार मंडळी. लेकीच्या लग्नाला आता 17 दिवस राहिले. शनिवारी दुपारी हळद इथेच गच्चीवर, रविवारी लग्न. मुहूर्त सकाळी सव्वादहाचा, त्यामुळे मेकअपवाली पहाटे साडेपाचलाच येणार आहे. चेहऱ्यासाठी आत्तापासून काय काय करावं? पार्लरवाली ब्रायडल पॅकेज घ्या म्हणतेय. त्यात शेवटचं फेशियल शुक्रवारी संध्याकाळी आहे.

डी-404 काका: *फॉरवर्ड केलेला संदेश* लिंबाचा रस + खायचा सोडा + चिमूटभर हळद. 7 दिवसांत चेहरा उजळेल!! आपल्या लेकीबाळींना नक्की पाठवा 🙏🌹

बी-301 वहिनी: काका, सोडा ढोकळ्यात बरा. त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी असते, पीएच 5 च्या आसपास. सोड्याचा 8 च्या वर. आणि लिंबू लावून उन्हात गेलं तर काळे डाग पडतात, ते लग्नाच्या अल्बममध्येही दिसतील.

डी-404 काका: मी फक्त फॉरवर्ड केलं.

बी-301 वहिनी: 😄 काकू, शुक्रवारचं फेशियल मात्र खरंच नको. माझं ऐका. माझ्या लग्नाआधी 3 दिवस एका पार्लरमध्ये "ग्लो येईल" म्हणून पील, म्हणजे केमिकल लावून वरची कातडी सोलायची ट्रीटमेंट, करून घेतलं होतं. लग्नाच्या सकाळी नाकाच्या दोन्ही बाजूंना कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे. फाउंडेशन त्यावर बसेचना, जिथे थापावं तिथून गोळा होऊन निघायचं. मेकअपवाली शेवटी म्हणाली, ताई, तेवढं हसताना जपून.

सी-203 ताई: मी ब्रायडल करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. काकू, 17 दिवस पुरेसे आहेत, पण नवीन काही सुरू करायला नाहीत. त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण 4 आठवडे लागतात. जे पोरगी रोज वापरते तेच चालू ठेवा. साधा फेसवॉश, मॉइश्चरायझर दोन वेळा, बाहेर पडताना सनस्क्रीन. थंडी सुरू झालीय, मेकअप फाटतो तो कोरड्या त्वचेवर. फेशियल हवंच असेल तर पुढच्या आठवड्यात करून घ्या, तेही तिने आधी केलेलंच. थ्रेडिंग-वॅक्सिंग लग्नाच्या आठवड्यात बुधवारी किंवा गुरुवारी. रात्री रेटिनॉलचं (मुरूम-सुरकुत्यांवरचं) क्रीम लावत असेल तर वॅक्सिंगच्या आधी आठवडाभर बंद, नाहीतर मेणासोबत कातडी निघते. आणि कपाळाला वॅक्स नकोच. मुंडावळ्यांची दोरी नेमकी तिथेच घासते, वर घाम. मग पोरगी अंतरपाटामागे उभी राहून कपाळ चोळत बसते.

सी-203 ताई: आणि ट्रायल घ्याच. पूर्ण बेस लावून 5-6 तास ठेवा, जमलं तर घरातल्या कामात. घामाने काय होतं, कुठे खाजतं, ते तेव्हाच कळू दे. नवीन क्रीम किंवा चंद्रकोरीचा गम असेल तर आधी कानामागे लावून 2 दिवस बघा.

ए-102 काकू: ती एक क्रीम लावतेय महिनाभर. मैत्रिणीने दिलीय, डबीवर कंपनीचं नाव नाही. पण रंग खूप उजळलाय हो.

सी-203 ताई: काकू, हीच खरी काळजीची गोष्ट. इतक्या पटकन उजळलं म्हणजे आत बहुतेक स्टेरॉइड, किंवा पारा. अकोल्यात एका घरातल्या तिघींच्या किडन्यांना अशाच क्रीमने त्रास झाला होता, 2023 मध्ये पेपरात आलं होतं. पण आज एकदम बंदही करू नका. स्टेरॉइड असेल तर बंद केल्यावर चेहरा लाल होऊन फुटतो, तोही ऐन लग्नात. डबी घेऊन उद्याच स्किनच्या डॉक्टरांकडे जा.

ए-102 काकू: बापरे. उद्या सकाळीच जातो.

ए-506 आजी: मुळात गोरं करायचंच कशाला? पोरगी सावळी गोड आहे. आमच्या वेळी पावडर आणि कुंकू, झालं.

सी-203 ताई: आजी ❤️ मीसुद्धा हेच सांगते. चेहरा दोन शेड उजळ केला की गळा वेगळा दिसतो. ठुशी घातली की सगळ्यांची नजर तिथेच जाते.

बी-105 दादा: नवरदेवांसाठी काही आहे का? की आम्ही थेट मांडवात 😅

बी-301 वहिनी: दाढी हळदीच्या दिवशी सकाळी करू नका. ताज्या कापल्यावर हळद झोंबते, मग तुम्ही रडताय असं सासरच्यांना वाटतं.

ए-102 काकू: हळदीचंच विचारायचं होतं. रविवारी चेहरा पिवळा राहिला तर?

सी-203 ताई: हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून आधी चेहऱ्याला, गळ्याला खोबरेल चोपडून घ्या, वर हळद. काढतानाही आधी तेलाने पुसा, मग फेसवॉश आणि भरपूर कोमट पाणी. उटण्याने खसाखसा घासू नका. रात्री ओठांना तूप. आणि हळद घरच्या डब्यातली घ्या, भडक पिवळी सुटी पूड नको, त्यात रंग मिसळलेला असू शकतो.

ए-506 आजी: माझ्याकडे सांगलीची हळकुंडं आहेत. दळून देते. जात्यावरची पहिली मूठ माझी.

ए-102 काकू: आजी, तुम्हीच घाणा भरायला बसायचं 🙏

सेक्रेटरी: सर्वांना आठवण. दुसऱ्या शनिवारी टाकी धुणार. सकाळी 10 ते संध्याकाळी 5 पाणी बंद.

बी-301 वहिनी: अहो!! त्याच शनिवारी हळद आहे.

सेक्रेटरी: हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे.

ए-506 आजी: मग हे कोणाचं काम? 40 माणसं पिवळी होऊन जिन्यात उभी राहणार आहेत.

सेक्रेटरी: टाकीवाल्याशी बोलतो. सोमवार करतो.

डी-404 काका: *फॉरवर्ड केलेला संदेश* टाकीच्या पाण्यात तुरटी फिरवण्याचे 9 फायदे 🙏