दीड वर्षाच्या मुलीची सर्दी: घरगुती उपायांतले कोणते करू, कोणते नको? मदत हवी आहे

नमस्कार. लेक दीड वर्षाची आहे, आम्ही नाशिकला असतो. गारठा वाढला तशी तिला सर्दी झाली, आधी नाक नुसतं पाण्यासारखं गळत होतं, आता घट्ट पिवळसर शेंबूड येतोय आणि रात्री नाक चोंदलं की दूध पिता पिता मधेच सोडते आणि रडायला लागते, मग ना तिला झोप ना आम्हाला. सुरुवातीला थोडी कणकण होती, आता ताप नाही. खेळतेय, शू नेहमीसारखी होतेय, खाणं मात्र निम्म्यावर आलंय.

डॉक्टरांना दाखवून आलो. छाती स्वच्छ आहे, व्हायरल आहे, नाकात सलाईनचे ड्रॉप घाला, बाकी औषधाची गरज नाही म्हणाले. मला ते पटलं. छिंदवाड्याला कफ सिरपमुळे लहान लहान मुलं गेली त्या बातम्यांनंतर तर घरात सिरपची बाटली आणायचीच नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय.

पण मग घरगुती काय करायचं यावर घरात एकमत होत नाहीये. सासूबाई निफाडच्या, त्या म्हणतात टाळूला वेखंडाचा लेप लाव, रात्री ओव्याची धुरी दे आणि भीमसेनी कापराची पुरचुंडी फ्रॉकला पिनेने लाव. माझी आई सावंतवाडीची, ती रोज फोनवर सांगते लसूण-ओवा घालून तेल कडव आणि छातीला लाव, विड्याचं पान शेकून छातीवर ठेव, आल्याचा रस मधातून चाटव. शेजारच्या काकू म्हणाल्या नाकात तेलाचे दोन थेंब सोड आणि झोपत नसेल तर जायफळ उगाळून दे. सगळ्यांचा जीव आहे तिच्यावर, कुणाला दुखवायचं नाहीये मला, पण इतक्या लहान जिवावर सगळंच कसं करून बघणार? यातलं काय चालेल आणि काय अजिबात नको, प्लीज कारणासकट सांगा, म्हणजे मला घरी नीट समजावता येईल.

रेवाची_आई: सगळ्यात आधी ते सलाईनचे ड्रॉप मनापासून घाल गं, आपल्याला वाटतं नुसतं मिठाचं पाणी त्याने काय होणार, पण आमच्याकडे रात्रीची झोप त्यानेच परत आली. मांडीवर आडवी घे, मान किंचित मागे, एकेका नाकपुडीत दोन-तीन थेंब, मिनिटभर थांब म्हणजे आतला घट्ट शेंबूड सैल होतो, मग मऊ सुती कापडाने पूस नाहीतर मेडिकलमध्ये नाक ओढायचा रबरी फुगा मिळतो त्याने हलक्या हाताने काढ. हे दूध पाजायच्या आणि झोपवायच्या आधी करायचं, पोट भरल्यावर केलं तर उलटी होते. रडेल, हातपाय झाडेल, एकाने धरायचं एकाने घालायचं. आणि फुगा दर वेळी गरम पाण्याने धू.

शेंबूड पिवळा झाला म्हणून घाबरू नकोस, सर्दी पिकताना तो होतोच. तेवढ्यावरून अँटिबायोटिक मागायला धावू नकोस, व्हायरसवर ते चालतच नाही.

सिस्टर_निवृत्त: ताई, मी बरीच वर्षं मुलांच्या वॉर्डात होते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कापूर आधी घरातून उचलून ठेवा. पुरचुंडी फ्रॉकला लावली की दीड वर्षाचं मूल ती तोंडात घालणारच, आणि कापूर थोडासा जरी पोटात गेला तरी मुलांना झटके येतात. कापूर घातलेलं तेलसुद्धा नको. छातीला लावायच्या बहुतेक बामांत कापूर असतो, म्हणून व्हिक्स वगैरे २ वर्षांखाली लावू नये. निलगिरीच्या तेलाची बाटलीही मुलीच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, तेही पोटात गेलं तर झटके येतात.

नाकात तेल अजिबात नको. झोपलेल्या किंवा रडणाऱ्या मुलाच्या नाकातलं तेल श्वासाबरोबर थेट फुप्फुसात उतरू शकतं आणि त्याने न्यूमोनिया होतो, तो बरा व्हायला फार वेळ घेतो. जायफळही नको, त्याने गुंगी येते. सर्दीत मूल नीट श्वास घेतंय का, किरकिर करतंय की मलूल पडलंय, हेच तर आपल्याला बघायचं असतं, ते गुंगीत कळणार नाही.

धुरीबद्दल सासूबाईंना वाईट वाटेल, पण बंद खोलीत निखाऱ्यावरचा धूर म्हणजे आधीच सुजलेल्या नाकाला आणखी त्रास, शिवाय निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो त्याचा वास येत नाही. त्याऐवजी ओवा तव्यावर कोरडा भाजून कापडात घट्ट बांधायचा आणि मूल झोपतं तिथे त्याच्या हाताला लागणार नाही असा दूर टांगायचा. वास येतो, धूर नाही.

मध तिला चालेल कारण वर्ष उलटलंय. वर्षाखालच्या बाळाला मात्र एक थेंबही नाही, कारण मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, ते कोवळ्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं, त्याला बोट्युलिझम म्हणतात. तिला खोकला असेल तर झोपताना अर्धा चमचा पुरे. आल्याचा रस घालायचाच तर थेंब-दोन थेंब, तिखटाने घसा जळला तर ती मधही नाकारेल.

विनायक_दापोली: सिस्टर, आमच्या घरात चार पिढ्या धुरीवर वाढल्या, कुणाला काही झालं नाही. सगळंच वाईट म्हणून कसं चालेल?

सिस्टर_निवृत्त: दादा, सगळं वाईट मी म्हणत नाही. पूर्वीची घरं कौलारू, धूर वरून निघून जायचा. आता फ्लॅटमध्ये खिडक्या लावून स्लायडिंग ओढून धुरी देतात, तो धूर कुठे जाणार? लसूण-ओव्याचं तेल मला स्वतःला आवडतं. खोबरेल किंवा तिळाचं तेल घ्यायचं, त्यात लसूण लालसर होईपर्यंत कडवायचं, गाळायचं, पूर्ण कोमट झाल्यावर छाती-पाठीला हलकं चोळायचं. त्याने सर्दी लवकर जाते असं मी म्हणणार नाही, पण मुलाला बरं वाटतं, आईच्या हाताने शांत होतं, आणि यात धोका नाही. फक्त लसूण ठेचून तसाच कातडीवर बांधू नका, फोड येतात. विड्याचं पान शेकलेलं असेल तर आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, आपल्याला कोमट वाटणारं त्यांच्या कातडीला चटका देतं.

वेखंड पोटात देऊ नका. टाळूला लावायचाच असेल तर ओला लेप पातळ लावा, कोरडी पूड चोळताना उडते आणि नाकातोंडात गेली की ठसका लागतो. आणि पातेल्यावर धरून वाफ देऊ नका हो, ताई. वॉर्डात वाफेच्या पाण्याने भाजलेली मुलं खूप बघितलीत मी. बाथरूममध्ये गरम पाण्याचा शॉवर सोडा आणि लांब, दारापाशी तिला कडेवर घेऊन बसा.

मालती_आजी: खाण्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. जबरदस्तीने भरवू नकोस बाळा, नाक बंद असलं की चवच लागत नाही त्यांना. मुगाचं कढण कर, त्यात जिऱ्याची फोडणी आणि चिमूटभर हळद, तिखट नको. तांदळाची पेज तूप-मीठ घालून. आमच्या कोकणात कुळथाचं कळण देतात, तुझ्या आईला विचार, ती पातळ करून सांगेल. गरम गरम पातळ पोटात गेलं की कफ सुटतो आणि पाणीही जातं. थोडं थोडं, दर दोन तासांनी. अंगावरचं दूध घेत असेल तर ते मागेल तेव्हा दे. दुधाने कफ वाढतो म्हणून दूध तोडायची काही गरज नाही.

मृण्मयी_नाशिक (धागाकर्ती): खूप खूप आभार सगळ्यांचे. सासूबाईंना वाचून दाखवलं. धुरीऐवजी भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी हे त्यांनी लगेच मान्य केलं, कापराचं ऐकून त्या स्वतःच देवघरातली डबी वरच्या फळीवर ठेवून आल्या. एकच विचारायचंय, श्वास जोरात चाललाय हे आम्हाला घरी कळणार कसं? रात्री नाक घुरघुरतं तेव्हा छातीतूनच आवाज येतोय असं वाटतं.

सिस्टर_निवृत्त: मोजायचा. ती शांत किंवा झोपलेली असताना पोटावरचा कपडा वर करा, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजा. १ ते ५ वर्षांच्या मुलाला मिनिटाला ४० किंवा जास्त आले तर श्वास जलद आहे, डॉक्टरकडे न्या. रडताना मोजू नका, आकडा उगाच वाढतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्या कमी शिकलेल्या माणसांना असाच श्वास मोजायला शिकवलं आणि न्यूमोनियाने जाणारी मुलं त्यातून वाचली, मग तुम्हाला का नाही जमणार? नाकाचं घुरघुरणं ड्रॉप घातल्यावर कमी होतं, छातीतला आवाज मात्र कमी होत नाही, हाही फरक बघा.

आणि श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, ओठ निळसर दिसले, पाणीही घेत नसेल, सात-आठ तास शू झाली नसेल किंवा उठवूनही नीट उठत नसेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा, सकाळची वाट बघू नका. ताप परत आला, दोन दिवसांहून जास्त राहिला किंवा ती कान ओढून रडायला लागली तरी दाखवा. हे काही नसेल तर सर्दी साधारण ७ ते १० दिवसांत जाते, खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो, तेवढ्यासाठी सिरप आणू नका. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेही ऑक्टोबर २०२५ मध्ये कळवलंय की २ वर्षांखालच्या मुलांना सर्दीखोकल्याची औषधं लिहून देऊ नयेत.

मृण्मयी_नाशिक (धागाकर्ती): आत्ताच झोपेत मोजले, २८ आले. उद्या सासूबाईंनाही मोजायला शिकवते, दिवसभर ती त्यांच्याजवळच असते.